फिरती पाटी

महापालिकेच्या बागा तेव्हा दुपारी बंद असायच्या. आमची बाग बाराच्या सुमाराला बंद व्हायची आणि तीनला पुन्हा उघडायची. मोठ्या फाटकाला साखळी लागली की आतल्या झोपाळ्यांकडे रस्त्यावरून नुसतं बघत बसायचं. त्या वेळात आत जायची मुभा असलेली मुलगी एकच, ती मी. माझी शाळा सकाळची. घरी येऊन दप्तर टाकायचं, आईने फडक्यात बांधून ठेवलेला डबा उचलायचा आणि काळाचौकीच्या आमच्या चाळीतून निघून बागेच्या मागच्या लहान दिंडीची कडी वाजवायची. बाबा आतून कडी काढत आणि म्हणत, "ये बाय, चप्पल काढून ये. आत्ताच पाणी मारलंय."

माझे बाबा त्या बागेचे माळी.

चाळीतल्या मुलांना वाटायचं, हिची चंगळ आहे, सगळे झोपाळे हिचेच. झोपाळे होते खरे, पण रिकाम्या बागेत खेळ होत नाही. खांब धरून "उतर ना आता, कधीची बसलीयेस" असं म्हणणारं कुणी नसेल तर झोपाळ्याचा लगेच कंटाळा येतो. लपायला जागा भरपूर आणि शोधायला कुणी नाही. म्हणून मी दुपारभर बाबांच्या मागे मागे असायची. जेवण झालं की ते आडवे होत नसत. खुरपं घेऊन हिरवळीवर उकिडवे बसत आणि लव्हाळा काढत. लव्हाळा वरून उपटला तर पात तेवढी हातात येते, खालची काळी गाठ जमिनीतच राहते आणि आठवड्यात दुप्पट जोराने उगवते. बाबा खुरपं तिरकं घालून गाठीच्या खालून वर आणायचे, बोटांनी माती चुरायची, गाठ घमेल्यात टाकायची आणि मोकळी झालेली जागा अंगठ्याने दाबून सारखी करायची. वर पर्जन्यवृक्षावर तांबट पक्ष्याची ठोक-ठोक एकसारखी चालू असायची. तीन वाजायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. बाहेर मुलं गजांना तोंडं लावून उभी असत, आणि साखळी निघेपर्यंत आतून मी त्यांच्याशी राज्य कुणावर ते ठरवून टाकायची.

बाबा संगमेश्वर तालुक्यातले. त्यांना मुंबईला आणलं ते त्यांच्या मामांनी, गिरणीत चिकटवायला. बदली कार्डावर, म्हणजे कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी, काही महिने सूतखात्यात काढले, पण कापसाची भुकटी छातीत बसायला लागली आणि रात्र रात्र खोकला. पुढे महापालिकेच्या उद्यान खात्यात जागा निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली. मामांना ते फार लागलं. लालबाग-परळमध्ये तेव्हा गिरणीतली नोकरी ही खरी नोकरी. माती उकरायची तर गावाकडे काय कमी माती होती, असं ते म्हणायचे. बाबा उलट बोलायचे नाहीत. त्यांना ते काम आवडत होतं. हे वाक्य मी सहज लिहिते आहे, पण आमच्या चाळीत आपलं काम आवडतं असं म्हणणारा दुसरा माणूस मला आठवत नाही.

बागेत एक लोखंडी पाटी होती, "हिरवळीवर चालू नये". पिवळ्या रंगावर काळी अक्षरं. इतर बागांत ती सिमेंटमध्ये कायमची बसवलेली असते. आमच्या बागेतली बाबांनी एका पहारीसारख्या सळईवर चढवून घेतली होती, म्हणजे हवी तेव्हा उपटता येईल. त्यांनी हिरवळीचे मनातल्या मनात तीन भाग केले होते. एका भागाभोवती काथ्याची दोरी, मध्ये ती पाटी. उरलेले दोन भाग आमचे. महिनाभराने खेळून खेळून एखादा भाग उजाड झाला की पाटी उठून तिकडे जायची आणि विश्रांती घेऊन टवटवीत झालेला भाग आम्हाला मिळायचा. फाटक उघडल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असायचा, "आज पाटी कुठाय?" साहेब फेरीवर आले की विचारायचे, पाटी अशी कोपऱ्यात का? बाबा सांगायचे, "साहेब, तिथलं गवत आजारी आहे." त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी बाग बंद करताना ते हिरवळीवरून एक चक्कर मारत आणि झिजलेल्या जागा बघत. इथे लगोरी रचली होती, इथे गोलकीपर उभा होता, इथे लहान मुलींनी लंगडी घातली. गवत कुठल्या बाजूला मोडलंय त्यावरून मुलं कुठून कुठे पळाली ते त्यांना कळे. त्यांना राग यायचा तो पायवाटेचा. मोठी माणसं रोज एकाच रेषेत गवतावरून आडवी जातात, त्याने माती दगडासारखी घट्ट होते आणि मग पहिल्या पावसाचं पाणी मुरतच नाही. मुलांच्या खेळण्याने तसं होत नाही, मुलं सगळीकडे पळतात. मार्च महिन्यात परीक्षांमुळे बाग ओस पडायची आणि हिरवळ गुबगुबीत व्हायची. इतर कुणी माळी खूश झाला असता. बाबा रोज विचारायचे, "संपल्या नाहीत का गं अजून परीक्षा?"

बागेची देखभाल म्हणजे ती जपून ठेवणं, असा बहुतेकांचा समज असतो. बाबांची समजूत वेगळी होती आणि मला ती आजही पटते. बाग वापरून झिजली पाहिजे आणि रात्रीत पुन्हा उभी राहिली पाहिजे, त्यासाठी माळी. स्वच्छ, सुबक, दोरीने आखलेली आणि कुणी पाऊल न टाकलेली बाग बघितली की मला तिथल्या मुलांची काळजी वाटते.

गवत लावायचं काम जूनमध्ये. मेअखेरीला लाल मातीचा ट्रक यायचा. उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की बागांचं पाणी आधी तुटतं, ते योग्यच आहे, पण त्या दोन महिन्यांत हिरवळीचे अर्धे भाग पिवळे पडून जात. ती उजाड जागा टिकावाने खणायची, लाल माती आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं, लांब फळी दोन्हीकडून धरून ओढत जमीन सपाट करायची. दोन-चार चांगले पाऊस झाले की गोणपाटात भरून हरळी यायची आणि आम्हा मुलांना बोलावणं. हरळीचे बोटभर तुकडे करायचे, प्रत्येकाला दोन-तीन पेरं हवीतच. दोरी ताणून सरळ रेषेत चिखलात अंगठ्याने भोक पाडायचं, तुकडा आडवा ठेवायचा, एक टोक बाहेर राहील असा, आणि पुन्हा अंगठ्याने माती दाबायची. पावसात भिजत, नखांत माती घेऊन वीस-पंचवीस पोरं ओळीने बसलेली. कुणाला ओळ वाकडी गेली म्हणून बाबा रागावले नाहीत, मात्र तुकडा वरच्या वर खोचला तर उपटून पुन्हा लावायला सांगत. मग ती पाटी तिथे लागायची आणि त्या तुकड्यावर पाय टाकायची कुणाची हिंमत नसायची, कारण राखण करणारी आम्हीच. एकदा शेजारच्या गल्लीतला एक मोठा मुलगा चेंडू आणायला त्यावरून धावला तर आमच्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलींनी त्याला फाटकापर्यंत पिटाळला होता.

हीच हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. मशीन फिरवून बारीक कापलेल्या गवतात पूजेच्या दूर्वा मिळत नाहीत, तीन पानांचा कोवळा तुरा वर यावा लागतो. लालबागात गणपती म्हणजे काय ते सांगायला नको. श्रावण संपत आला की बाबा विहिरीजवळचा एक कोपरा कापायचाच नाही असं ठरवून टाकत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चाळीचाळींतल्या बायका तिथे ओणव्या होऊन दूर्वा खुडत, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधत, गप्पा मारत. बागेतून काही न्यायचं नाही हा नियम त्या एका कोपऱ्याला लागू नव्हता.

एरवी फुलांबद्दल बाबा कडक. "झाडावरचं बागेचं, पडलेलं तुमचं." पडलेल्यावर आमचं सगळं बालपण चाललं. गुलमोहराच्या कळ्या सोलून आतले तुऱ्यांचे दांडे एकमेकांत अडकवून ओढायचे, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. ही कोंबड्यांची झुंज तासन् तास चालायची. कळीच्या पाकळीमागचे हिरवे-लाल तुकडे थुंकीने नखांवर चिकटवून आम्ही मुली राक्षसिणी व्हायचो. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा म्हणजे तलवारी, हलवल्या की आतल्या बिया खुळखुळत. फाटकाजवळ बुचाचं एक उंच झाड होतं. पावसाळा सरता सरता सकाळी त्याच्याखाली पांढऱ्या फुलांचा सडा असे. त्या फुलांच्या लांब देठांची सुईदोऱ्याशिवाय वेणी गुंफता येते, ती मला आमच्या बाबांनीच शिकवली, बागेतल्या त्यांच्या चौकीच्या ओट्यावर बसून, त्यांच्या मातकट जाड बोटांनी. ती वेणी घालून मी शाळेत जायची. दुपारपर्यंत फुलं तपकिरी व्हायची, पण वास दिवसभर राहायचा.

पर्जन्यवृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात. त्याच्याखाली डबा ऐसपैस खेळताना राज्य घेणाऱ्याचे आकडे मोजून होईपर्यंत वरचं छत विरळ झालेलं असे आणि आकाशाचे तुकडे दिसू लागत. पानं पुरती मिटली की बाबांची शिट्टी वाजणार हे आम्हाला ठाऊक असायचं.

घसरगुंडी सिमेंटची होती, वर मोझॅकचा घोटीव थर. वर्षानुवर्षं मुलं बसून बसून तो आरशासारखा झाला होता. मे महिन्यात ती इतकी तापे की मांड्या भाजायच्या, म्हणून तीनच्या आधी बाबा तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतून गोणपाटाने पुसून घेत. झोपाळ्यांचं मात्र त्यांना फार भय. झोपाळ्याची साखळी वर ज्या आकड्यात अडकते तो आकडा लोखंडाला लोखंड घासून आतून झिजतो. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. सोमवारी सकाळी बाबा शिडी लावून वर चढत आणि प्रत्येक आकड्याच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवत. पातळ लागला की झोपाळा लगेच वरच्या दांडीवर गुंडाळून टाकत. नवा आकडा यायला कधी कधी महिना लागे, कारण कागद खात्यात जायचा, तिथून पुढे. महिनाभर झोपाळा वर बांधलेला आणि खाली मुलांची कुरकुर. मलाच सगळे सांगायचे, तू बाबांना सांग ना. मी सांगायची. ते मला शिडीवर चढवून माझा अंगठा त्या आकड्यात फिरवून दाखवायचे. मग मी खाली उतरून सगळ्यांना सांगायची की नाही, तो खरंच पातळ आहे.

झोपाळ्यावर माझा नंबर शेवटचा. हा घरचा नियम. माळ्याच्या मुलीने आधी बसलं की बाग तिच्या बापाची होते, असं ते म्हणायचे. आणि शेवटचा नंबर मिळायचा तो शिट्टी वाजल्यावर, सगळी मुलं निघाली की. तेव्हा ते स्वतः एकदा जोरात ढकलायचे.

झोपाळ्यांखालची वाळू दर पंधरवड्याला चाळणीने चाळायची. मांजरं घाण करत, शिवाय काचा, खिळे, बाटल्यांची बुचं. त्या चाळणीत जे जे सापडे ते चौकीत डालड्याच्या डब्यात जायचं. त्यात गोट्या, बटणं, पाच पैशांची नाणी, फुटक्या बांगड्या, किल्ल्या, एक कानातलं, भोवऱ्याची आर. हरवलेली वस्तू मागायला कुणी आलं तर बाबा आधी विचारत, कुठे खेळत होतास, कधी हरवली, कसली होती. गोटीच्या आतली रेघ कुठल्या रंगाची हे सांगता आलं तरच गोटी परत. मुलं ते अगदी गंभीरपणे सांगत. एक सोन्याची बारीक वाळी त्या डब्यात वर्षभर पडून होती. पुढच्या दिवाळीत एक बाई सहज बोलता बोलता म्हणाली, माझ्या नातवाची इथेच कुठेतरी पडली होती हो. बाबांनी उठून डबा आणला.

भायखळ्याला राणीची बाग आहे, प्राणी आणि झाडं दोन्ही असलेली. तिथे बाबा आम्हाला घेऊन जात. आम्हाला हत्ती, माकडं, पाणघोडा बघायचा असे आणि बाबा गोरखचिंचेच्या बुंध्याला हात लावून उभे. मूळ आफ्रिकेतलं झाड, पाण्याने फुगल्यासारखा बुंधा. म्यानमारहून आलेली उर्वशी त्यांनीच मला दाखवली, तिचे लाल-पिवळे लोंबते घोस बघून ते अगदी हळू बोलायला लागत. नोकरीला लागल्यावर मी बऱ्याच बागा बघितल्या, पण भायखळ्याच्या त्या बागेइतक्या तऱ्हांची झाडं मला एका बागेत दुसरीकडे दिसली नाहीत. प्राणी बघून परत येणाऱ्यांनी एकदा तरी तिथे नुसत्या झाडांसाठी जावं.

मलबार हिलच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजेच हँगिंग गार्डनमध्ये, मात्र ते अस्वस्थ असत. हँगिंग गार्डनमधले झाडं कापून केलेले प्राणी आम्हाला फार आवडायचे. बाबांनी सांगितलं, इथे जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, दक्षिण मुंबईला इथून पाणी जातं. वर माती तेवढी पसरलेली. "म्हणून मधोमध मोठं झाड दिसणार नाही तुला. मुळं जातील कुठे?" त्यानंतर बराच वेळ मी त्या हिरवळीवर पावलं जपून टाकत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. मला संप कळला तो बागेत. सकाळी बाग उघडली की बाकांवर बाप्ये. आमच्याच चाळीतले, शेजारच्या चाळीतले, कुणाचे काका, कुणाचे वडील. ज्यांना आम्ही फक्त पाळीवर जाताना नाहीतर झोपलेले बघितलं होतं, ते दिवसाउजेडी बसलेले. पहिले काही आठवडे उत्साह होता, सभेच्या गोष्टी, मोर्चाच्या गोष्टी, पत्ते. उन्हाळा आला तसे पत्ते थांबले. पावसाळ्यात काही जण कुटुंब घेऊन गावी गेले, त्यांच्याबरोबर आमचे खेळगडीही गेले. लगोरीला गडी कमी पडायला लागले. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. माणसं मात्र एकेक करून बाकांवरून कमी झाली.

बाबा त्या काळात दुपारी बाग बंद करत नसत. साखळी नुसती अडकवून ठेवत, कुलूप नाही. घरी कोंडून घेण्यापेक्षा इथे बसले तर बसू देत, असं आईला सांगताना मी ऐकलं होतं. आमच्या शेजारी एक फिटर काका होते. बागेतली गोल चक्री कित्येक महिने अडकत होती, ढकलताना किंचाळायची. एक दिवस ते फडक्यात बांधलेली स्वतःची हत्यारं घेऊन आले. त्यांनी चक्री उचलून आडवी केली, बेअरिंग काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, एकेक छर्रा बोटावर फिरवून बघितला. दोन छर्रे फुटलेले निघाले. त्यांनी जुन्या बाजारातून तसंच बेअरिंग शोधून आणलं, पैसे घेतले नाहीत, आणि ग्रीस भरून चक्री बसवली. आम्ही सगळे भोवती. त्यांनी एका बोटाने ढकलली आणि ती आवाज न करता फिरतच राहिली. मग ते उठून उभे राहिले आणि हात पुसत बराच वेळ तिच्याकडे बघत होते. त्यानंतर साचेखात्यातल्या, म्हणजे कापड विणायच्या खात्यातल्या, एकाने विहिरीवरची जाळी नव्याने विणून दिली, दुसऱ्या कुणी बाकांचे मोडके पाट बदलले. बाबा चौकीत स्टोव्हवर चहा करून द्यायचे, दुसरं द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्याच वर्षी बाबांचे मामा एकदा आमच्याकडे जेवायला बसले असताना म्हणाले, "तू केलंस ते बरं केलंस." एवढंच. बाबांनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

पुढे गिरण्या गेल्या, जागा राहिल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने त्या जागांचे तीन वाटे करायचे ठरवलं होतं. एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाकडे. बाबांनी ती बातमी कापून ठेवली होती. ते चालता चालता गिरणीच्या भिंतीची लांबी पावलांनी मोजत आणि आपली बाग यात किती वेळा मावेल ते सांगत. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि शेडखालची सगळी जमीन त्यातून सुटली. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. गिरणगावातल्या मुलांच्या वाट्याला आलेल्या बागा त्यामुळे फार थोड्या. ज्या टॉवरांच्या सावलीत आज लालबाग-परळ उभं आहे, तिथे उतरताना मला दर वेळी त्या न झालेल्या बागा आठवतात. याचं दुःख मला आजही आहे, आणि मी ते लपवत नाही.

बाबा निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पिठ्या ढेकूण लागून मुंबईतले कित्येक पर्जन्यवृक्ष वाळले, त्यात आमच्या बागेतलाही गेला. बुचाचं झाड आहे अजून.

आमची चाळ पाडून तिथे इमारत झाली. सातव्या मजल्यावर पोडियम, म्हणजे मोकळी गच्ची, आणि त्यावर मुलांसाठी बाग. बिल्डरने दिली तेव्हा तिथे हिरवं प्लॅस्टिकचं गवत होतं. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे दुखतात, पण बाग झाली म्हटल्यावर लिफ्टने बघायला आले. वाकून गवतावर हात फिरवला. दुपारची वेळ होती, ते तव्यासारखं तापलं होतं. एक तीन-चार वर्षांची मुलगी अनवाणी त्यावर पाऊल टाकून लगेच मागे पळाली. बाबा कमिटीतल्या तरुण मुलाला म्हणाले, "हे झिजल्यावर काय करणार?" तो म्हणाला, "बदलायचं, आजोबा." "आणि तोवर?"

त्या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. पण त्या मुलाला, मला वाटतं, तो लागला. पुढच्या रविवारी तो आमच्या दारात वही घेऊन हजर. स्लॅबवर झाड लावता येईल का, माती किती टाकायची, वजन किती. बाबांनी त्याला हँगिंग गार्डनची टाकी समजावून सांगितली. मोठं झाड नको, मुळांना जागा नाही. कडेला मोठ्या कुंड्यांत तगर, अनंत, अबोली लावा, अबोली सावलीतही फुलते. खाली रस्त्याच्या बाजूला खरी जमीन आहे, तिथे तामण लावा, बहावा लावा. एक उंडी लावा, तिच्या फळांनी पोरं गोट्या खेळतील. गुलमोहर नको, त्याची मुळं वरच्यावर पसरतात आणि वादळात आधी तोच जातो. आणि मध्ये वीतभर माती टाकून हरळी. पण त्याआधी स्लॅबचा उतार बघा, पाणी कुठून निघतं ते बघा, वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारल्याशिवाय एक घमेलं टाकू नका.

जूनमध्ये लाल मातीच्या गोण्या लिफ्टने वर गेल्या. त्यावर कमिटीत वाद झाला, लिफ्ट घाण होते म्हणून, आणि शेवटी रात्री अकरानंतर न्यायचं ठरलं. प्लॅस्टिकचं गवत निम्म्या भागातून निघालं आहे. हरळी लावायला इमारतीतली मुलं होती, माझी भाची होती, आणि खुर्चीवर बसून ओळी सरळ करायला लावणारे बाबा होते. पावसाने महिनाभरात जमीन झाकली. आता त्यावर चेंडू खेळू द्यायचा की नाही यावर कमिटीचं एकमत नाही. काही जणांना तिथे बाक आणि कुंड्या हव्यात, मुलांनी खाली जावं असं त्यांचं म्हणणं. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाचवा आहे. बाबांनी मला सांगून ठेवलंय, त्या दिवशी लवकर ये, मला वर न्यायला. त्यांना बोलायचं आहे.